सुलाक्काचं रोज एक नवं

सुलाक्का आमच्या माडीवरच्या खोलीत दीड वर्ष राहिली. तेवढ्या काळात तिनं मला जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या पंचावन्न वर्षांत दुसऱ्या कुणी दिले नसतील. त्यातला एकही तिनं मुद्दाम दिला नाही. ती आपली साधं काहीतरी करायची, साधं काहीतरी बोलायची, आणि मी हातातलं काम हातात धरून तशीच उभी राहायची.

आली ती एका पिशवीनिशी. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई तिला घेऊन आल्या. मलकापूरकडची बाई आहे, एकटी आहे, स्वयंपाकाला हात चांगला आहे, आता कोल्हापुरात काम बघणार आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. आमचं घर कळंब्याच्या रस्त्याला आहे. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून माडी रिकामीच होती. बाई पन्नाशी ओलांडलेली, सावळी, हाडापेरानं मजबूत. नाव सुलोचना. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून सुलाक्का निघालं आणि तेच राहिलं. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला बाई म्हणायची. आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं ‘आलो, गेलो’ म्हणतात, तसंच तिचं बोलणं होतं. आवाज मात्र आमच्या भागाला न शोभणारा, हळू.

तासाभरानं मी चहा घेऊन वर गेले. खोलीचं दार वाऱ्यानं लागलं होतं. मी ढकललं तर दाराच्या आत, अगदी समोर, सुलाक्का उभी. हातात रिकामी कळशी. पाणी भरायला खाली यायचं होतं, पण दार लागलं होतं, म्हणाली.

“मग उघडायचं की,” मी म्हणाले.

“मीच?”

बाई जरा भोळी असेल असं मला वाटलं. पण ती भोळी अजिबात नव्हती. हिशेबीपणानं बोलायची, आठवण तल्लख होती, भाजीवाल्याच्या पाटीतला किडका दोडका लांबूनच ओळखायची. फक्त काही गोष्टी तिला येत नव्हत्या, आणि त्या नेमक्या लहान पोरांनाही येणाऱ्या होत्या. लागलेलं दार आपण उघडायचं असतं हे तिच्या हाताला माहीत नव्हतं. घराबाहेर पडताना ती जिन्यात थांबून “जाऊ?” असं विचारायची, आणि मी मान हलवल्याशिवाय पायरी उतरायची नाही. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची चौकोनी घडी घालून भिंतीला लावायची. संध्याकाळी दिवेलागणीला गॅलरीत येऊन हात बाजूला सोडून पाच मिनिटं सरळ उभी राहायची. मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणत असेल.

तिची आणखी एक सवय होती. संध्याकाळी खाली आली की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायची आणि सांगायची, “आज एक नवं केलं बघा.” रोज एक. कधी ते नवं म्हणजे रस्ता ओलांडणं असायचं. दोन्हीकडून गाड्या येत होत्या, कुणाचा हात धरला नाही आणि पलीकडं पोचले. कधी नवं म्हणजे टपरीवर उभं राहून घेतलेला चहा. एकदा ती दुकानात साबण आणायला गेली ती पाऊण तास आलीच नाही. मी काळजीनं बघायला गेले, तर ती साबणांच्या फळीसमोर उभी, आणि दुकानदार कपाळाला हात लावून बसलेला. घरी येताना तिच्या हातात हिरवी वडी होती. सारखी नाकाला लावून बघत होती.

“कुठला पायजे म्हणून लई वर्सांत कुणी इचारलंच न्हाय,” ती म्हणाली. “आज त्यानं इचारलं. मग मी समदे वास घिऊन बघितले.”

रविवारी ती कळंबा तलावावर जायची. एकदा मीही गेले. ती बांधावर बसून पलीकडच्या काठाकडं डोळे बारीक करून बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं तर म्हणाली, लांबचं बघायची डोळ्यांची सवय मोडली आहे, म्हणून रोज थोडं थोडं लांब बघते. गेल्या आठवड्यात त्या झाडापर्यंत दिसत होतं, आज पल्याडची बाई कपडे धुताना दिसली. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी काही न समजता हसले. लांबचं बघायची सवय मोडायला माणूस कुठं असावं लागतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी शिक्षिका आहे, रोज चाळीस पोरांच्या मनातलं ओळखते असा माझा समज होता.

मग एका रविवारी माझी नणंद जेवायला येणार होती. सुलाक्का भाकऱ्या थापायला खाली आली. तिची भाकरी पातळ आणि परातीएवढी. आमचे हे पेपर वाचत स्वयंपाकघरात बसले होते. शेकडो माणसांचा स्वयंपाक करत होते असं सुलाक्कानं मागं सांगितलेलं, म्हणून त्यांनी सहज विचारलं, की कुठल्या बोर्डिंगात होतात?

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, काढून टोपलीत ठेवली. गॅस बारीक केला.

“बोर्डिंगात न्हाय. कळंब्याला. आत हुतो. चौदा वर्सं.”

कळंब्याला आत म्हणजे तुरुंगात, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. मी कसंबसं विचारलं, कशाबद्दल?

“खून,” ती म्हणाली. “जावंचा. माझ्या धाकट्या जावंचा. मीच केला.”

मी हातात लसणाची पाकळी धरून बसले होते. ती तशीच कितीतरी वेळ हातात होती. चार महिने मी ह्या बाईच्या हातचं खात होते. माझी नात सुट्टीला आली तेव्हा दिवसभर हिच्या मागं मागं होती.

सुलाक्का बोलत राहिली, कारण आता थांबणं तिला बरं वाटलं नसावं. शेताला पाणी द्यायच्या पाळीवरून बांधावर दोघींचं भांडण झालं. एका घरात दहा वर्षं एका ताटात जेवलेल्या जावा. शब्दानं शब्द वाढला. सुलाक्का वैरण कापत होती.

“इळा हातात हुता. लोक म्हणाले, इळा नसता तर झालं नसतं. पर खरं सांगतो बाई, इळा नसता तर मी दगूड उचलला असता. त्या येळंला मी तशीच हुतो.”

एवढं सांगून तिनं उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या, परात धुतली आणि वर गेली. नणंद जेवून गेली.

मी वकीलबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू खोली दिली असतीस का? ह्यांचं म्हणणं, तिला आजच जायला सांग. मी वर गेले. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. खोली झाडलेली. वर आल्याबरोबर तिनं ती भरली असणार.

तिनं एकच गोष्ट मागितली. तिचं नवं आधार कार्ड ह्या पत्त्यावर यायचं होतं. तेवढं येईपर्यंत राहू द्या, मग जाते, म्हणाली.

कार्ड नऊ दिवसांनी आलं. पोस्टमनच्या हातून मीच घेतलं. फोटोत सुलाक्का घाबरून बघत होती, आणि खाली आमच्या घराचा नंबर, आमची गल्ली, आमचा पिन कोड. मी ते नेऊन तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत होतं, आत असताना शिकली होती. पत्त्याच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवत तिनं वाचलं आणि मग पिशवी उचलली. मी ती पिशवी तिच्या हातून घेतली आणि परत खोलीत ठेवली. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. खाली येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “राहू दे.”

गल्लीला कळायचं ते कळलंच. समोरच्या दोघी माझ्याकडं यायच्या बंद झाल्या. सुलाक्काला एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं होतं, ते गेलं, मग दुसरं मिळालं. तिनं कशाबद्दलच तक्रार केली नाही. तिचा नवरा ती आत असतानाच वारला होता. मुलगा पुण्याकडं कंपनीत होता, तो चौदा वर्षांत एकदाही भेटायला आला नव्हता. त्यानं यावं असं तुम्हाला वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं. वाटतं, म्हणाली, पण वाटण्याचा हक्क वेगळा आणि बोलावण्याचा वेगळा. संध्याकाळचं नवं मात्र चालू राहिलं. आज रिक्षावाल्याशी भांडले. आज शेजारच्या मांजरीची पिल्लं डोळे उघडताना बघितली. आज दार लावून घेतलं, आपल्या मनानं, आणि आपल्या मनानं उघडलं.

मला तिची भीती पूर्ण गेली असं म्हणणं खोटं होईल. तिच्या हातात विळी दिसली की माझी नजर आपोआप तिकडं जायची. तिला ते दिसायचं. ती विळी आडवी करून बाजूला ठेवायची आणि दुसरं काम घ्यायची.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, भर दुपारी, एक मुलगी दारात आली. बावीस-तेवीसची असेल. सातवा महिना तरी असावा. घामानं भिजली होती. बाहेर रस्त्यावर एक तरुण मोटारसायकलवर बसून होता, तो आत आला नाही.

“हितं सुलोचना ऱ्हाती का?” तिनं विचारलं. नुसतंच सुलोचना. ना बाई, ना मावशी.

मला वाटलं, सुलाक्काला मुलगीही असावी, आपल्याला सांगितली नाही इतकंच. मी आनंदानं म्हणाले, “या की. आई वरच आहे तुमची.”

“ती माझी आई न्हाय,” मुलगी म्हणाली. “माझ्या आईला मारली तिनं.”

तिला वर जाऊ द्यावं की नको, हाक मारावी तर कुणाला, काही सुचेना. ती मात्र माझ्या बाजूनं जिना चढायला लागली, एका हातानं कठडा धरून, दमत दमत. मी मागं धावले.

सुलाक्का गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि सूप खाली ठेवलं. आई गेली तेव्हा ही पोर सात वर्षांची होती. पंधरा वर्षांत तिला बघितलेलं नव्हतं. तरी नाव उच्चारलं ते लगेच. “सोनाली.”

सोनाली उभीच राहिली. मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही. म्हणाली, वकीलबाईंकडनं पत्ता घिऊन आलो, पर आधी एक सांगतो, मी माफ करायला आलेलो न्हाय, ते माझ्याच्यानं हुणार न्हाय. सुलाक्का म्हणाली, मी मागितलेली न्हाय.

मग सोनालीनं का आली ते सांगितलं. तिच्या घरी तिच्या आईचं नाव कुणी काढत नव्हतं. फोटो एकच, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. बापानं दुसरं लग्न केलं. आजी होती तोवर तिला विचारलं की ती रडायची आणि विषय संपायचा. आता स्वतःच्या पोटात बाळ होतं, तपासणीला कोल्हापुरात यायची, आणि तिथं बसलेल्या सगळ्या पोरी आपापल्या आयांशी बोलायच्या. तुझ्या वेळी मला असं व्हायचं, तसं व्हायचं. तिला विचारायला कुणी नव्हतं.

“आईबरोबर चोवीस तास तूच हुतीस,” सोनाली म्हणाली. “माझ्या येळंला तिला काय खावंसं वाटायचं, ते सांग.”

सुलाक्कानं तांब्या जवळ ओढला. तिनं पाण्याचा घोट घेतला.

“करपलेली भाकरी,” ती म्हणाली. “चांगली भाकरी दिली की बाजूला सारायची. करपलेली पायजे. सासूबाई वरडायच्या, म्हणून मी एक भाकरी मुद्दाम करपवायचो आन् गपचिप तिला द्यायचो.”

सोनाली खुर्चीवर बसली.

नंतर तासभर ती विचारत होती आणि सुलाक्का सांगत होती. आईचा पुढचा दात तिरका होता, म्हणून हसताना पदर तोंडावर घ्यायची. सोनालीनं आपल्या पुढच्या दाताला जीभ लावून बघितली, मी ते पाहिलं. आई प्रत्येक गुराला लाडकं नाव द्यायची. पाय सुजायचे, तेव्हा ओढ्याच्या पाण्यात सोडून बसायची. घरातल्यांना मुलगा हवा होता, तिला नको होता.

“म्हणायची, पोरगीच हू दे. मला बोलायला माणूस पायजे.”

“बोलायला तू हुतीस की,” सोनाली म्हणाली.

ती मुद्दाम टोचून बोलली नव्हती. तिच्या तोंडून निघून गेलं. पण सुलाक्का उठून खोलीत गेली. सोनालीही उठली आणि न सांगता जिना उतरली. मोटारसायकल गेल्याचा आवाज आला. त्या दिवशी संध्याकाळी सुलाक्का खाली आली नाही. मी ताट वर नेलं तर तांदूळ तसेच सुपात होते.

मला वाटलं, ही पोर आता परत येणार नाही. पंधरा दिवसांनी ती आली. तपासणीच्या कागदांची पिशवी हातात, आणि डोक्यात प्रश्नांची यादी. मग आणखी दोनदा आली. दर वेळी नवरा रस्त्यावर थांबायचा. एकदा मी त्याला पाणी नेऊन दिलं, त्यानं घेतलं, पण आत या म्हटल्यावर मान हलवली. त्याचंही बरोबरच होतं. मला तर रोज प्रश्न पडायचा, हे जे वर चाललंय ते चांगलं की भयंकर? जिनं आई हिरावली तिच्याचकडून ही पोर आपली आई थोडी थोडी परत नेत होती. दुसऱ्या कुणाकडं ती नव्हतीच. मी वर्गात फळ्यावर लिहीत असताना हे आठवायचं आणि खडू थांबायचा.

मुलगी झाली. हे आम्हाला फोनवर कळलं, सोनालीनंच केला होता. बारशाचं आमंत्रण आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षाही कुणाची नव्हती. त्याच सुमारास पन्हाळ्यावर एका खानावळीत सुलाक्काला राहून-खाऊन काम मिळालं. लांबवर दिसतंय तिथून, असं ती म्हणाली. जायचा दिवस ठरला. आता ती तिथंच असते. अधूनमधून फोन येतो, पण भेट झालेली नाही. माझ्या डोळ्यांपुढं राहिली आहे ती जायच्या आदल्या दिवशीची, सकाळी दहाच्या सुमाराची सुलाक्का.

सोनाली बाळाला घेऊन आली. सव्वा महिना झाला होता. ह्या वेळी नवराही आत आला आणि आमच्या मागच्या अंगणात तुळशीजवळ अवघडून उभा राहिला. बाळ रडत होतं. सोनालीनं सांगितलं, न्हाऊ घालणारी बाई यायची बंद झाली आहे, सासूचा हात मोडला आहे, आणि मला स्वतःला भीती वाटते. पोर हातातून निसटेल असं वाटतं. आज दोन दिवस नुसतं पुसून काढतेय.

“आईलाबी असं भ्या वाटायचं का?” तिनं विचारलं.

“तुझ्या आईनं पैल्या सा म्हयन्यात तुला एकदाबी न्हाऊ घातलं न्हाय,” सुलाक्का म्हणाली. “लई भ्यायची. मीच घालायचो.”

नवऱ्यानं सोनालीकडं बघितलं. सोनाली बाळाला छातीशी धरून उभी होती. मग तिनं ते पुढं केलं.

“मग घाल.”

सुलाक्का मागं सरकली. नको, बाईंना सांग, म्हणाली. सोनाली तशीच हात पुढं करून उभी. बाळाची मान कलली, तेव्हा सुलाक्कानं पटकन खाली हात घातला, आणि बाळ तिच्याकडं आलं.

मी पाणी तापवून आणलं. सुलाक्कानं पाटावर बसून लुगडं गुडघ्यावर ओढलं, पाय लांब केले, कोपरानं पाण्याची ऊब पाहिली आणि बाळाला दोन्ही पायांवर पालथं घातलं. सोनाली वीतभर अंतरावर वाकून उभी होती, दोन्ही हात अर्धे पुढं, झडप घालायच्या तयारीत. खरं सांगायचं तर माझेही हात तसेच होते. मला माझीच लाज वाटली, पण मी ते मागं घेतले नाहीत.

पहिल्या तांब्याला बाळानं टाहो फोडला. दुसऱ्यालाही. सुलाक्का पाठीवरून, मांड्यांवरून, काखेतून हात फिरवत होती, घाई नाही, थरथर नाही. तिसऱ्या तांब्याला रडणं थांबलं. बाळाची मूठ सुटली आणि बोटं तिच्या घोट्यावर पसरली.

सुलाक्कानं वर बघितलं नाही. तिनं सोनालीला खाली बसायला सांगितलं. सोनाली बसली. सुलाक्कानं बाळाला उताणं केलं, आणि मग सोनालीचं मनगट धरून तिचा पंजा बाळाच्या मानेखाली नेला, आपल्या पंजाला लागून.

“हितं धर. घट्ट न्हाय. नुसता आधार दे. उद्यापासनं तुलाच घालायचं हाय.”

दोघींचे हात एकमेकींना लागून बाळाच्या मानेखाली होते. सोनालीनं हात काढून घेतला नाही.

“बाई, पाणी,” सुलाक्का म्हणाली.

मी तांब्या भरला आणि ओतायला लागले.